सूर्य दिवसा उगवतो, मग पाणी रात्री का द्यायचं? : विजेचा पाठ आपल्या परिसरातून



ऊर्जेचे स्रोत शिकवताना आपण सगळेच फळ्यावर दोन रकाने काढतो. एका बाजूला कोळसा, पेट्रोल, डिझेल. दुसऱ्या बाजूला सूर्य, वारा, पाणी. पहिल्या रकान्यावर लिहितो ‘संपणारी’ आणि दुसऱ्यावर ‘न संपणारी’. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि पाठ संपतो.

पण शिरूर कासार तालुक्यातल्या मुलाला विजेबद्दल याहून खूप जास्त माहीत असतं. रातची लाईट कोणत्या आठवड्यात आहे, डीपी जळाली की किती दिवस वाट बघावी लागते, एक फेज गेली तर मोटार का चालत नाही, हे चौथीतलं पोरगं आपल्याला समजावून सांगतं. त्याचं हे ज्ञान आणि आपले फळ्यावरचे दोन रकाने एकमेकांना भेटतच नाहीत. या लेखात ती भेट घडवून आणायचा प्रयत्न करू. आपली वीज वितरण कंपनी, म्हणजे महावितरण, स्वच्छ ऊर्जेकडे कशी चालली आहे, त्यात आपल्या गावाला काय मिळतं, कुठे सावध राहावं लागतं आणि हे वर्गात कसं घ्यायचं, ते क्रमाने बघू.

१. वीज आपल्यापर्यंत येते कशी?

मुलांना (आणि खरं सांगायचं तर बऱ्याच पालकांनाही) ‘एमएसईबी’ हा एकच शब्द माहीत असतो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. ६ जून २००५ रोजी त्याचं विभाजन झालं आणि कामं वाटली गेली. मुलांना ती अशी सांगता येतात :

• महानिर्मिती – वीज तयार करते.
• महापारेषण – मोठमोठ्या मनोऱ्यांवरून ती दूरवर वाहून नेते.
• महावितरण – ती घराघरात, शेताशेतात पोहोचवते आणि बिल देते.

शेतकऱ्याच्या घरचं उदाहरण घ्या. एकजण कापूस पिकवतो, दुसरा ट्रकने नेतो, तिसरा बाजारात विकतो. तसंच हे. महावितरण हा विकणारा आहे. तो महानिर्मितीकडून वीज घेतो, खाजगी कंपन्यांकडून घेतो, केंद्राच्या प्रकल्पांकडूनही घेतो. म्हणजे आपल्या बल्बमधली वीज कोळशाची आहे की उन्हाची, हे बऱ्याच अंशी महावितरण कोणाकडून वीज विकत घेतं यावर ठरतं.

आता गावाकडे या. गावाजवळ ३३ केव्हीचं उपकेंद्र असतं. तिथून ११ केव्हीच्या तारा निघतात, त्यांना फिडर किंवा वाहिनी म्हणतात. फिडरवर जागोजागी रोहित्रं असतात, ज्यांना आपण डीपी म्हणतो. डीपीवर विजेचा दाब कमी होतो आणि मग ती घरात किंवा मोटारीला मिळते. बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फिडर वेगळा आणि शेतीचा फिडर वेगळा केलेला आहे. हा ‘शेतीचा वेगळा फिडर’ लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

२. कोळशाची वीज आणि आपल्या जिल्ह्याचं पाणी

औष्णिक वीज शिकवायला आपल्याला लांब जायची गरज नाही. परळीचं औष्णिक विद्युत केंद्र आपल्याच बीड जिल्ह्यात आहे. १९७१ पासून तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. जुने संच बंद झाले, आता २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, तो जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेने टर्बाइन फिरतं, टर्बाइनमुळे जनित्र फिरतं आणि वीज तयार होते.

मुलांना धूर आणि राख लगेच समजते. पाणी मात्र लक्षात येत नाही. कोळशाच्या केंद्राला वाफेसाठी आणि त्याहून जास्त म्हणजे थंड करण्यासाठी भरपूर पाणी लागतं. २०१५ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली : एका युनिटमागे साडेतीन लिटर. आणि २०१३ च्या दुष्काळात काय झालं? पाणीच नाही म्हणून परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. २०१५ च्या दुष्काळात पुन्हा तीच वेळ आली. कोळसा नाही म्हणून केंद्र थांबल्याच्या बातम्या आपण ऐकतो. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र पाण्यावाचून थांबलं.

आता एक हिशोब वर्गात करून बघा. पाच एचपीची मोटार आठ तास चालली तर किती वीज लागते?

१ एचपी = ७४६ वॅट
५ एचपी = ३,७३० वॅट, म्हणजे ३.७३ किलोवॅट
३.७३ × ८ तास = २९.८४, म्हणजे साधारण ३० युनिट

एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर ३० युनिटला २१ किलो कोळसा लागतो. आणि साडेतीन लिटरच्या मर्यादेने १०५ लिटर पाणी! विहिरीतलं पाणी वर काढायला दुसरीकडे सात कळशा पाणी खर्च होतं, असं सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. (कळशी पंधरा लिटरची धरली आहे. तुमच्या गावची कळशी मोजून घ्या, हाही एक उपक्रम होईल.)

३. रातचा नंबर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेतीला आठ तास थ्री फेज लाईट मिळते, पण सगळ्यांना एकाच वेळी नाही. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी आळीपाळीने. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या तर ताण पेलवत नाही आणि रात्री कारखाने, कार्यालयं, बाजार यांची मागणी कमी असते. कोळशाचं केंद्र तर रात्रंदिवस चालूच ठेवावं लागतं, ते स्विचसारखं चालू-बंद करता येत नाही. मग ती रात्रीची वीज शेतीला दिली गेली. हिशोबाच्या दृष्टीने यात चूक काही नव्हती.

पण या हिशोबाचा भार कोणी उचलला? शेतकऱ्याने. डिसेंबर-जानेवारीत गव्हा-हरभऱ्याला, ज्वारीला पाणी द्यायला रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन बांधावर जायचं. साप, विंचू, ओल्या हाताने स्टार्टरला हात, कडाक्याची थंडी. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली, तेव्हा रात्री शेतात जायचं म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा.

आपल्या तालुक्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळी झाली की कितीतरी घरांतले आईवडील ऊसतोडीला जातात. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी मुलं. घरची दीड-दोन एकर रब्बी असेल तर रातचा नंबर आजोबांच्या वाट्याला येतो. आणि आजोबांना एकट्याने कसं पाठवायचं म्हणून सोबत जातो आपल्या वर्गातला मुलगा. दुसऱ्या दिवशी तो बाकावर पेंगतो. म्हणून शेतीची लाईट दिवसा मिळणार की रात्री, हा शाळेचाही प्रश्न आहे. माझ्या मते आपल्या भागात सौर ऊर्जेचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. धूर कमी होईल हे खरंच, पण त्याआधी माणूस रात्री घरी झोपेल.

४. महावितरण नेमकं काय करतंय?

तीन पातळ्यांवर काम चालू आहे. मुलांना ‘गावाचा सूर्य, शेताचा सूर्य, घराचा सूर्य’ असं सांगितलं की पटकन लक्षात राहतं.

गावाचा सूर्य : सौर कृषी वाहिनी

कल्पना सोपी आहे. शेतीच्या फिडरला वीज देणाऱ्या उपकेंद्राजवळच सौर पॅनल उभे करायचे. दिवसा तयार झालेली वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची आणि तिथून शेतीच्या फिडरला द्यायची. ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. पहिले प्रायोगिक प्रकल्प राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी या गावांसाठी ठरले. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे ‘२.०’, आला आणि राज्याने त्यात १६,००० मेगावॅटपर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. या दुसऱ्या टप्प्यातला राज्यातला पहिला प्रकल्प आपल्या मराठवाड्यातच सुरू झाला, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगावला, २०२४ मध्ये. क्षमता ३ मेगावॅट.

३ मेगावॅट म्हणजे किती? पुन्हा हिशोब :

१ किलोवॅट पॅनलपासून दिवसाला साधारण ४ युनिट
३ मेगावॅट = ३,००० किलोवॅट
३,००० × ४ = १२,००० युनिट रोज
१२,००० ÷ ३० = ४०० मोटारी, पाच एचपीच्या, पूर्ण आठ तास

तेवढीच वीज कोळशावर केली असती तर दिवसाला सुमारे ८,४०० किलो कोळसा आणि ४२ हजार लिटर पाणी लागलं असतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चार टँकर भरून वर दोन हजार लिटर. बीड जिल्ह्यातल्या मुलाला लिटरपेक्षा टँकर जास्त चांगला कळतो, म्हणून हे माप वापरा.

जमीन कोणाची? सरकारी जागा वापरतात, तसंच शेतकऱ्याची जमीन भाड्यानेही घेतात. भाडं हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी मूळ भाड्यावर ३ टक्के सरळ वाढ. सातवी-आठवीला शिकवत असाल तर सरळ वाढीचं याहून जिवंत उदाहरण शोधून सापडायचं नाही. पहिल्या वर्षी १,२५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १,२८,७५०. दहाव्या वर्षी किती? मुलांना काढू द्या.

महावितरण हे का करतंय? पुण्यकर्म म्हणून नाही, आणि हेही मुलांना सांगावं. शेतकऱ्याला वीज सवलतीत मिळते. तो फरक सरकारच्या अनुदानातून आणि कारखानदारांच्या जास्त दरातून भरून निघतो. सौर वाहिनीची वीज महावितरणला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून हा भार हलका होतो. शिवाय परळीसारख्या शंभर किलोमीटरहून दूरच्या केंद्रातून वीज आणताना तारांमध्ये जी वाया जाते, ती वाचते, कारण वीज तयारही गावात होते आणि खर्चही गावातच होते. तिसरं कारण कायद्याचं आहे. प्रत्येक वितरण कंपनीने आपल्या एकूण विजेचा ठरावीक हिस्सा नवीकरणीय स्रोतांतून घेतलाच पाहिजे असं बंधन आहे. केंद्राच्या नियमानुसार २०२९-३० पर्यंत हा हिस्सा ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे. स्वच्छ असणं आणि परवडणं या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणून गाडीने वेग घेतला.

शेताचा सूर्य : सौर पंप

जिथे तार पोहोचत नाही किंवा कोटेशन भरूनही जोडणी मिळालेली नाही, तिथे शेतातच पॅनल आणि पंप. २०२४ पासूनची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना ही. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी, त्यापुढे साडेसात एचपी, असं जमिनीप्रमाणे ठरतं.

या दोन प्रकारांतला फरक मुलांना नक्की विचारा, कारण इथे खरी समज दिसते. शेतातला सौर पंप स्वतंत्र असतो. पावसाळ्यात पंप बंद असेल तेव्हा त्या पॅनलवर पडणारं ऊन वाया जातं. सौर वाहिनी मात्र जाळ्याला जोडलेली असते. मोटारी बंद असल्या तर वीज पुढे दुसऱ्याच्या कामी येते, आणि ढग आले तर जाळ्यातून वीज मिळू शकते. एक आहे घरची विहीर, दुसरी आहे गावची पाणीपुरवठा योजना. दोन्हींची गरज आहे, पण काम वेगळं.

घराचा सूर्य : छतावरचे पॅनल

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री सूर्य घर मोफत वीज योजना आली. घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. यात नेट मीटर बसवतात. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री आपण त्यांच्याकडून घेतो आणि बिल फरकाचं येतं. मुलांना किराणा दुकानातल्या वहीचं उदाहरण द्या : आपण दूध घातलं ते जमा, साखर नेली ती नावे, महिन्याला वजाबाकी.

५. आपल्या तालुक्यातली न दिसणारी वीज

स्वच्छ ऊर्जा म्हटलं की मुलं पॅनलचं चित्र काढतात. बालाघाटच्या माथ्यावरच्या पवनचक्क्या पाहिलेली मुलं त्यांचंही चित्र काढतात. पण आपल्या तालुक्याचा एक हात तिसऱ्याच विजेमागे आहे, तो कोणी काढत नाही.

ऊस गाळल्यावर जो चोथा उरतो त्याला बगॅस म्हणतात. एक टन उसामागे साधारण पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघतो. बरेच साखर कारखाने तो जाळून वाफ करतात, त्यावर कारखाना चालवतात आणि उरलेली वीज महावितरणला विकतात. याला सहवीजनिर्मिती म्हणतात. जाळलं तरी ही ऊर्जा नवीकरणीय का मानायची, असा प्रश्न हुशार मुलगी विचारतेच. उत्तर असं : जळताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो आणि पुढच्या वर्षीचा ऊस तो पुन्हा घेतो. कोळशातला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला होता, तो आपण नव्याने हवेत सोडतो.

वर्गात हे सांगताना एक वाक्य जरूर म्हणा : ‘तुमच्या आई-बापाने तोडलेल्या उसाची वीज कुठल्यातरी शहरात आत्ता दिवा लावत असेल.’ ज्या मुलाला आईवडिलांच्या कामाबद्दल वर्गात बोलायला संकोच वाटतो, त्याच्या चेहऱ्याकडे त्या वेळी बघा.

६. दिवस मावळल्यावर काय?

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. आता अवघड प्रश्न. सूर्य संध्याकाळी साडेसहाला निघून जातो आणि नेमकी तेव्हाच घराघरात दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर सुरू होतात. मुलांचा अभ्यासही तेव्हाच. मग ती वीज आणायची कुठून?

आज तरी बराचसा भार कोळशावर आणि जलविद्युतवरच आहे. म्हणून ‘सौर आलं, आता कोळसा संपला’ असं मुलांना सांगू नका, ते खरं नाही. मात्र दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवायचे मार्ग आहेत. एक म्हणजे मोठ्या बॅटऱ्या. महावितरणने त्यासाठी निविदा काढल्या आहेत. दुसरा मार्ग मुलांना फार आवडतो : पाणी वर चढवून ठेवायचं! दोन तलाव, एक वर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, वीज हवी असेल तेव्हा वरचं पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. सह्याद्रीत घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशीसुद्धा याच पद्धतीचा १२ मेगावॅटचा छोटा संच आहे. पैठणला सहल जाणार असेल तर धरण दाखवताना हे सांगायला विसरू नका.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त : जे काम दिवसा करता येतं ते दिवसाच करणं. शेतीचा फिडर दिवसा चालवणं म्हणजे हेच. पाणी देण्याचं काम उन्हाच्या वेळेत सरकवलं की रात्रीसाठी तेवढी वीज साठवावीच लागत नाही. शेताला दुपारी दिलेलं पाणी हीसुद्धा साठवलेली वीजच म्हणायची. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर दरात सवलत सुरू झाली, त्यामागचा विचारही हाच आहे. वीज कधी वापरली याला आता किंमत आली आहे.

७. स्वच्छ म्हणजे फुकट नव्हे

पालकांनो, हा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

कोळशाची वीज आठ तास मिळायची, तीही कधी रात्री. त्यामुळे इच्छा नसतानाही उपशावर एक लगाम होता. आता सौर पंप सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालू शकतो आणि त्याला बिल येत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं मोफत वीज देण्याची राज्याची योजनाही आहे. शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे, त्यात दुमत नाही. पण आपला तालुका सिंदफणेच्या वरच्या अंगाचा, खाली काळा कातळ. कातळाच्या फटींत जेवढं मुरतं तेवढंच विहिरीला आणि बोअरला येतं. वीज न संपणारी झाली म्हणून पाणी न संपणारं होत नाही. आपल्या फळ्यावरच्या त्या दोन रकान्यांत भूजल कुठे लिहायचं, हा प्रश्न मुलांपुढे टाकून बघा. चांगला वाद होतो!

यावर उत्तर शोधलेलं गाव शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे पाऊस किती पडला हे मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. सूर्याच्या विजेसोबत हा ताळेबंद आला, तरच ती वीज गावाला लाभेल. ठिबक, शेततळं, ताळेबंद आणि मग दिवसाची लाईट, असं एकत्र शिकवा.

दुसरा मुद्दा जमिनीचा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. गायरानावर प्रकल्प होणार असेल तर ज्यांची शेळ्या-मेंढ्या तिथे चरतात त्यांचं काय? हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा आहे आणि तो विचारणारा माणूस विकासाचा विरोधक ठरत नाही. उद्या ग्रामसभेत बसणारी माणसं आज आपल्या वर्गात बसली आहेत.

८. वर्गात घेण्याचे उपक्रम

उपक्रम १ – सावलीची काठी (इयत्ता तिसरी-चौथी). मैदानात काठी रोवा. सकाळी १० पासून दर तासाला सावलीची लांबी पट्टीने मोजा. सावली सर्वांत लहान कधी? पॅनलला जास्त ऊन कधी मिळेल? मुलं स्वतः तक्ता करतील.

उपक्रम २ – बिल वाचन (पाचवी ते सातवी). प्रत्येकाने घरचं वीजबिल आणायचं. ग्राहक क्रमांक झाकून ठेवायला सांगा. मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी. मग पंखा ७५ वॅट, रोज १० तास, म्हणजे दिवसाला ०.७५ युनिट, अशी एकेक वस्तू मोजायची. घराला १ किलोवॅट पुरेल का, ते मुलांनीच ठरवायचं.

उपक्रम ३ – आजोबांची मुलाखत. ‘पूर्वी पाणी कसं काढायचे? मोट कशी चालायची? गावात लाईट कधी आली? रात्री पाणी द्यायला गेल्यावर काय काय घडलं?’ प्रत्येकाने दहा ओळी लिहायच्या. भाषा आणि परिसर अभ्यास दोन्ही साधतं. ज्यांचे आईवडील कारखान्यावर आहेत, त्यांना या उपक्रमात सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं.

उपक्रम ४ – विजेचा नकाशा. घर, डीपी, फिडर, उपकेंद्र असा उलटा प्रवास कागदावर. दुरूनच बघायचं! डीपी, तार, स्टार्टर, पॅनलची वायर यांना हात लावायचा नाही, हे सुरुवातीलाच तीनदा सांगा. पॅनलवर ऊन असेपर्यंत त्याच्या तारेत वीज असते, मोटार बंद असली तरी.

उपक्रम ५ – ग्रामसभा. वर्गातच भरवायची. विषय : ‘गायरानावर सौर प्रकल्प व्हावा का?’ एक गट शेतकरी, एक गट मेंढपाळ, एक गट महावितरणचे अधिकारी, एक सरपंच. निकाल काहीही लागो, प्रत्येकाने आकड्यासह बोलायचं.

९. पालकांसाठी थोडं

• सौर पंप किंवा छतावरच्या पॅनलचा अर्ज सरकारच्या अधिकृत पोर्टलवरूनच करा. मोबाईलवर आलेल्या लिंकवर पैसे भरू नका. योजनेचे नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्या.
• पॅनलवर धूळ बसली की वीज कमी मिळते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, पॅनल गार असताना, साध्या पाण्याने पुसा.
• मोटार, पिठाची गिरणी, इस्त्री, टाकी भरणं ही कामं शक्य तेवढी दिवसा करा.
• आणि रातचा नंबर असेलच, तर मुलाला सोबत नेऊ नका. त्याची झोप हीसुद्धा शिक्षणाची सोय आहे.

विचार करा आणि लिहा (मुलांसाठी)

१. परळीचं केंद्र दुष्काळात बंद ठेवावं लागलं, पण सौर प्रकल्प दुष्काळातही चालू शकतो. का?
२. सौर पंप आणि सौर वाहिनी यांत कोणता फरक आहे? तुमच्या शेतासाठी कोणता पर्याय बरा?
३. उसाचा चोथा जाळला तरी ती ऊर्जा नवीकरणीय का मानतात?
४. दिवसभर फुकट वीज मिळाली तर विहिरीचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल? घरी विचारून लिहा.
५. गावातलं कोणतं काम रात्रीऐवजी दिवसा करता येईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही. ते मुलाला घरी बापाला, आजोबाला, विहिरीला विचारावं लागेल. तेवढं झालं तरी हा पाठ सार्थकी लागला असं समजू या.